समुद्रात विशेष काही नाही

अमरावती,
मे महिन्यातला पहिला रविवार

आदरणीय देवमन मामा यांस,

सुगतचा सविनय जय भीम. वच्छला मामींनाही सांगावा. इकडे आम्ही तिघं, म्हणजे मी, नीलम आणि आई, ठीक आहोत. तुमच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याचं पाणी थांबलं का, थेंब वेळेवर टाकता की टाकले असं मामींना सांगता, आणि अकोल्याच्या या उन्हात कूलरची टाकी भरायला अजून तुम्हीच छतावर चढता का, हे कळवावं. फोनवरच विचारलं असतं, पण तुम्ही फोन उचलत नाही. म्हणून पाकीट पाठवतो आहे. ज्याची सगळी नोकरी पोस्टात गेली तो माणूस फोन खुशाल वाजू देईल, पण बंद पाकीट टेबलावर पडू देणार नाही, असा माझा अंदाज आहे. तुम्ही इथवर वाचत आलात, त्या अर्थी तो बरोबर ठरला.

तुमचा राग कशाचा आहे हे मला माहीत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. तुम्ही आणि आई शाळेत असताना आजोबा तुम्हाला सहा डिसेंबरला दादरला घेऊन गेले होते. तिथे तुम्ही दोघांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला, तोही लोकांच्या खांद्यांच्या फटीतून. पाण्यापर्यंत काही जाता आलं नाही, कारण एवढ्या गर्दीत पोरं हरवतील म्हणून आजोबांनी दोघांची मनगटं शेवटपर्यंत सोडली नाहीत. तेव्हापासून तुमचं आणि आईचं ठरलेलं, की एकदा मोकळा समुद्र पाहायचा, दोघांनी मिळून. मग बदल्या आल्या, लग्नं आली, आमच्या परीक्षा आल्या, आणि यंदा नेमकं नीलमला लॅबमधून रजा मिळाली तेव्हा तुमच्या डोळ्यावर पट्टी होती. मी तिकिटं काढून बसलो. (थांबायला हवं होतं का? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो. रजा परत मिळाली नसती हे खरं. पण मी तुम्हाला आधी विचारलं नाही, हेही खरं.) तुम्ही फोनवर आईला एवढंच म्हणालात, "जा तुमी, बाई. माह्यावाचून समुद्र काही आटत नाही." त्यानंतर तुमचा आवाज या घरात आलेला नाही.

आता बुद्ध पौर्णिमा उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी आहे. दरवर्षी तुम्ही आदल्या संध्याकाळी येता, सकाळी तुमच्या खणखणीत आवाजात त्रिशरण-पंचशील होतं, आणि मग आई खिरीच्या पातेल्यावरचं झाकण काढते. यंदा आईनं तांदूळ निवडायला घेतलेले नाहीत. विचारलं की म्हणते, "पाहू." आईचं "पाहू" कशाच्या वाटेकडे डोळे लावून असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

हे पत्रही तिच्याच आज्ञेवरून लिहितो आहे. आज्ञा अशी: "त्याले लिही, समुद्रात विशेष काही नाही. नुसतं पानी, अन् तेई खारं." आपण फार मोठ्या आनंदाला मुकलो असं तुम्हाला वाटू नये, हा तिचा हेतू. माझी अडचण चौथ्या शीलाची. खोटं बोलणार नाही असं दर पौर्णिमेला तुमच्याच मागून म्हणायचं, आणि तुम्हालाच खोटं लिहायचं, हे काही बरं नाही. म्हणून मी मधला मार्ग काढला. (मध्यम मार्गाचा इतका किरकोळ उपयोग याआधी कोणी केला नसेल.) मी सगळं खरंच लिहीन, पण त्यातलं वाईट तेवढं निवडून लिहीन. चुकून काही चांगलं आलंच, तर ते कंसात टाकीन. कंस वाचायचे की नाही हे तुमच्यावर.

सुरुवात निघण्यापासूनच वाईट झाली. आमच्या शेजारच्या गोदाकाकू (मागच्या वर्षी तुम्हाला लोणच्याची बरणी देऊन आठ दिवसांनी बरणी परत मागणाऱ्या) फाटकाशी येऊन म्हणाल्या, "अमावस्येच्या तोंडावर कशाले निंगता, सर? दोन रोजानं निंगा नं." आता मी तुमच्या हाताखाली वाढलेला माणूस. शिवाय ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. मी बॅगा रिक्षापाशी ठेवल्या आणि काकूंना फाटकाच्या खांबावर सूर्य, तिथल्या कुंडीवर चंद्र आणि माझ्या डोक्यावर पृथ्वी कल्पून सगळं समजावून सांगितलं. अमावस्या म्हणजे तिघं एका रेषेत, बस. त्यात शुभ काय आणि अशुभ काय? तुमचाही दाखला दिला, की आमच्या मामांनी घराचा पाया मुद्दाम अमावस्येला खोदला आणि त्याच घरात ते सुखानं राहतात. (मागच्या खोलीची गळती सांगितली नाही. एखादी गोष्ट वगळणं हे खोटं बोलणं होतं का, यावर मी बडनेऱ्याचं स्टेशन येईपर्यंत विचार केला.) काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं बाप्पा. तुमी शिकेल मानसं." रिक्षावाल्यानं मात्र थांबल्याचे वेगळे लावले.

गाडी बडनेऱ्याहून निघाली आणि तासाभरात अकोल्याला आली. आईनं तुमच्यासाठी भाकरी, ठेचा आणि पातोडीची भाजी असा वेगळा डबा बांधला होता, तो मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली. तुम्ही स्टेशनवर याल असं कोणी म्हणालं नव्हतं. येणार नाही असंही कोणी म्हणालं नव्हतं. फलाटावर चहावाले होते, चार्जर विकणारे होते, तुम्ही नव्हता. गाडी सुटली तशी आई एकदम हसली. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काही नाही. वजनाचं यंत्र पाह्यलं." वजनाच्या यंत्रात हसण्यासारखं काय असतं ते मला कळलं नाही. डबा मात्र तिनं भुसावळपर्यंत उघडू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुडाळला उतरलो. भाड्याची गाडी स्टेशनबाहेर उभी होती. तिची नंबरपाटी काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं. म्हणजे चालवणारा इथला नाही, याच्यापासून लांब राहा, असं सगळ्या जिल्ह्याला दुरूनच कळण्याची सोय. आपल्या भागात, मामा, रस्ता सरळ असतो आणि वाकडे आपण चालवतो. मोर्शीला सासुरवाडीला जाताना मला स्टीअरिंग हलवल्याचं आठवत नाही. तिकडे रस्त्याचं स्वतःचंच काही ठरलेलं नसतं. एक वळण संपलं असं वाटतं तेव्हा ते फक्त दम घेत असतं. त्यात आमच्या घरच्या गाडीत दिवा दाखवायची दांडी उजवीकडे, या गाडीत ती डावीकडे आणि उजवीकडे काच पुसायची. त्यामुळे प्रत्येक वळणावर मी मागच्या एसटीला दिवा दाखवण्याऐवजी कोरडी काच पुसत होतो. एसटीच्या ड्रायव्हरनं ओलांडून जाताना मान बाहेर काढून आकाशाकडे पाहिलं, पाऊस कुठे आहे म्हणून. नीलमनं तेवढ्या वेळेत तीनदा सांगितलं की मी चालवते. मी म्हणालो, गाडी माझ्या नावावर दिली आहे. (हे कारण खरं होतं, पण खरं कारण नव्हतं.)

फोनमधल्या बाईनं "उजवीकडे वळा" म्हटलं, म्हणून वळलो तो थेट एका घराच्या अंगणात. अंगणभर आमसुलं वाळत घातलेली. पुढचं चाक त्यांच्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. घरातून एक आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "खयसून इलास?" आई गाडीतून टुणकन उतरली आणि म्हणाली, "अमरावतीहून. समुद्राले चाल्लो." पुढे त्या दोघी अर्धा तास बोलल्या. एकीला दुसरीचं निम्मं कळत नसावं. पण विषय गुडघ्यांचा होता, त्यामुळे अडलं नाही. शेजारच्या चिमुकल्या भातखाचराकडे बोट दाखवून आईनं विचारलं, "हे वावर किती एकर हाय?" आजी म्हणाल्या, "खंयचा वावर?" (सरबत दिलं. आई दोन पेले प्यायली. तिसऱ्याला नको म्हणाली, पण मनापासून नाही.)

राहण्याच्या ठिकाणी जेवणाचे हाल झाले. भाकरी तांदळाची, पांढरीफेक. ज्वारीची नाही म्हणून आईनं स्वयंपाकघरात जाऊन खात्री करून घेतली. कढी गुलाबी. मासोळी म्हटलं की आपल्याकडे आठवडी बाजारातला सुका बोंबील, नाहीतर धरणातली रोहू. इथे ताटात अख्खा बांगडा, तोंडासकट. आईनं पिशवीतून आपला ठेचा काढला आणि घरमालकांना चमचाभर दिला. ते "बरो आसा" म्हणाले आणि लगेच पाण्याचा तांब्या उचलला. (दुसऱ्या दिवसापासून आई बांगड्याचा काटा असा काढत होती, की जन्म तिथेच गेला.)

आता मुख्य गोष्ट. सोमवारी, ऊन चढायच्या आत, सकाळी सकाळी आम्ही एका किनाऱ्यावर गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक आम्हाला अजून विसरले नसतील. रस्ता सुरूच्या झाडांपाशी संपत होता. तिथे गाडी लावून सगळे लोक पाण्याकडे चालत जातात. आम्ही दार उघडलं. आई मागच्या सीटवर पिशवी धरून बसलेली.

"मी नाही उतरत."

"गुडघे दुखतात का?" मी विचारलं.

"गुडघेच समज."

नीलम म्हणाली, "आई, मी हात धरते. रेती मऊ आहे."

"तुमी जा दोघं. मी इथूनच पायते."

तिथून झाडांच्या फटीतून जो समुद्र दिसत होता तो दादरइतकाच होता, रुमालाएवढा. मला राहवलं नाही. आईला महाराष्ट्राच्या या टोकापासून त्या टोकाला आणायचं आणि रुमाल दाखवून परत न्यायचं? समोर रेती चांगली रुंद, ओलसर आणि घट्ट पसरली होती, पावसानंतर आठ दिवसांनी आपल्याकडची पायवाट होते तशी. मासे नेणाऱ्या टेंपोची चाकोरीही होती. मी गाडी रेतीवर घातली. (तिथे मनाई करणारा फलक होता. आम्ही कडेच्या वाटेनं आल्यामुळे त्याची पाठ आमच्याकडे होती. फलकाची पाठ दिसली की माणसानं उतरून पोट वाचावं की नाही? वाचावं, असं आता माझं मत आहे.) मी अर्ध्यावर थांबत होतो, तर मागून आई म्हणाली, "घे अजून पुढं. काहून भेऊन राहिला?" शेवटी पाण्याच्या बऱ्यापैकी जवळ, नाक समुद्राकडे करून गाडी उभी केली.

(इथे कंस मोठा होईल, माफ करा. समोर काही नव्हतं, मामा. झाड नाही, खांब नाही, पलीकडचं गाव नाही. आईनं काच खाली केली, चष्मा पुसला, घातला, परत काढून पुसला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "एवढं मोठं वावर, अन् एकही बांध नाही." मी वीस वर्षं वर्गात महासागरांची क्षेत्रफळं पाठ करून घेत आलो. त्या दिवशी माझ्या रोजनिशीत मी फक्त "समुद्र पाहिला. मोठा आहे." एवढंच लिहू शकलो. कंस पुरा.)

मी आणि नीलमनं पाण्यात पाय बुडवले, शिंपले वेचले, आणि गाडीच्या बॉनेटला टेकून मोर्शीची शेवटची संत्री सोलत बसलो. मग नीलम म्हणाली, "समुद्र जवळ आल्यासारखा वाटतो." मी तिला समजावलं की विस्तीर्ण सपाट पृष्ठभागाकडे पाहताना अंतराचा असा भ्रम होतो. थोड्या वेळानं भ्रम पुढच्या चाकाला लागला.

आता मी जे लिहितो ते आमच्या प्राचार्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. अमावस्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, आणि त्या दिवसांत उधाणाची भरती येते, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा जास्त वर चढतं, ही आकृती मी डोळे मिटून फळ्यावर काढतो. परीक्षेला ती हमखास येते. बाण चुकला तर मी गुण कापतो. आदल्याच दिवशी अमावस्या होती. गोदाकाकूंना फाटकाशी मी जी रेष काढून दाखवली, बरोबर तिच्याच टोकाला मी भाड्याची गाडी उभी केली होती, आणि आत आई होती. काकूंची अमावस्या खोडून काढण्याच्या भरात मी माझी स्वतःचीही खोडून टाकली. आपण अमावस्या पाळत नाही, मामा. समुद्र पाळतो.

गाडी मागे घ्यायला गेलो तर चाकं जागच्या जागी फिरून खाली गेली. आईनं खिडकीतून सूचना केली, "चाकाखाली पऱ्हाट्या टाक." काळ्या मातीत बैलगाडी फसली की आपण कपाशीच्या वाळक्या काड्या टाकतो, तो उपाय. पण कोकणात पऱ्हाटी आणायची कुठून? नीलमनं नारळाच्या झावळ्या ओढून आणल्या. चाकानं त्या गिळल्या. वजन कमी करावं म्हणून मी आईला उतरायला सांगितलं. ती नाही म्हणाली. नीलम म्हणाली, "पाणी घोट्याएवढंच आहे, आई."

"घोट्याएवढं असो का नखाएवढं. मी पान्यात पाय ठेवत नाही."

तेवढ्यात एक मोठी लाट आली आणि दाराच्या खालून पाणी आत शिरलं. पायपुसणी तरंगायला लागली. आणि आईनं, मामा, दोन्ही पाय वर उचलले आणि सीटवर मांडी घातली. ज्या गुडघ्यांसाठी आपण वंदनेला तिच्यापुढे खुर्ची ठेवतो, तेच हे गुडघे. मी आणि नीलमनं एकमेकांकडे पाहिलं. विचारायला वेळ नव्हता.

किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पंधरा-वीस माणसं रापण ओढत होती. म्हणजे समुद्रात लांबवर टाकलेलं भलं मोठं जाळं, दोन बाजूंनी दोर धरून किनाऱ्यावर ओढून आणायचं. मी धावत गेलो. लोकांच्या कामात व्यत्यय आणतो आहोत याचा संकोच वाटून आधी क्षमा मागितली, मग माझा परिचय दिला, मग कारण सांगितलं. (नीलमच्या मते हा क्रम उलटा हवा होता.) त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ दोर न सोडता म्हणाले, "गाडी हयसर कित्याक हाडलास?"

"आईला समुद्र दाखवायला."

त्यांनी लांबवर गाडीकडे पाहिलं. तिच्या दोन्ही बाजूंनी आता पाणी खेळत होतं. "मगे, आता बरो दिसता मां दर्या?"

जाळं अर्ध्यात सोडता येत नाही, आधी ते पुरं ओढायचं, मग गाडी, असं ठरलं. जितके हात जास्त, तितकं लवकर, म्हणून आम्हीही दोर धरला. आई समुद्रात मांडी घालून बसली आहे आणि तिची सून आणि मुलगा पाठ फिरवून मासे ओढत आहेत, असा तो प्रसंग होता. पुत्रधर्माच्या कोणत्या कलमात हे बसतं याचा विचार करायला मला दोर सोडवेना. (दोर ओढताना सगळे एका ठेक्यात हाळी देत होते. नीलमला तो ठेका माझ्या आधी सापडला. तिला इतकं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.)

मग सगळे गाडीकडे आले. मागच्या हुकाला दोर बांधला. गृहस्थ म्हणाले, "आजयेक उतरवा, वजन कमी होतला." आईनं खिडकीतून हात जोडले. "मी नाही उतरत, बापू. ओढा तुमी." ती मंडळी जी हसत सुटली, की दोन मिनिटं कोणाला दोर धरता येईना. नंतर त्यांनी हाळी दिली आणि ओढली. गाडी उलट्या पावलांनी समुद्रातून बाहेर आली. आई आत ताठ बसून एक हात हलवत होती, निवडून आल्यासारखी.

रापणीच्या दोराला जो हात लावेल त्याला वाटा मिळतो, असा तिकडे रिवाज आहे. आम्हा दोघांचे दोन वाटे निघाले. मी नको म्हणत होतो, कारण आमच्यामुळे त्यांचा खोळंबाच झाला होता. त्यावर ते गृहस्थ नाराज झाले, म्हणून घेतले. मग त्यांनी तिसरा वाटा खिडकीतून थेट आईच्या पिशवीत टाकला. "ह्यो आजयेचो. आजयेन दर्यात बसान राखण केल्यान." आईनं उरलेली सगळी संत्री त्यांना देऊन टाकली.

दोन दिवसांनी गाडी परत केली तेव्हा मालकानं चारी बाजूंनी पाहिली. एकही नवा ओरखडा नव्हता. त्यानं दार उघडलं, वास घेतला, सीटखाली हात घातला आणि आईच्या वाट्यातला एक चुकलेला बांगडा बाहेर काढला. मी चौथ्या शीलाला स्मरून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. म्हणाला, "पुढच्या टायमाक होडी देतंय."

तर एकूण असं आहे. रस्ते वाकडे, कढी गुलाबी, भाकरी पांढरी, गाडीला अजून वास येत असेल. समुद्रात विशेष काही नाही. तुम्ही काही मुकलात असं मनात आणू नये आणि पौर्णिमेला नेहमीसारखं यावं.

मामींना जय भीम. छतावर चढू नये.

तुमचा भाचा,
सुगत

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी पत्र आईला वाचून दाखवलं. कंसातलंही वाचलं, न वाचणं बरं दिसलं नसतं. ती म्हणाली, "हे तं तुनं सगळं चांगलंच लिहून ठेवलं." मग म्हणाली, आता मी सांगते ते लिही, अन् त्याले सुधरू नको. जसंच्या तसं देतो:

"देवमन, माह्या गुडघ्याले काही झालं नव्हतं. आपलं ठरलं होतं नं, पाय बुडवू तं दोघंबी संगं. बाबानं तवा दोघाईचे हात धरून ठेवले होते, मंग मी एकटी कशी बुडवू? समुद्र दोनदा जवळ आला. मी नाही उतरली. मंग तो गाडीत आला, तं मी पाय वरतं घेतले. माह्या तळव्याले एक थेंब लागला नाही, सुनेले विचार. आता तू ठरव. तांदूळ निवडू का नको, तेवढं कळव."

ता. क. २. नीलम लिहिते: खरं आहे, मामा. मी पाहिलं. सीटवर फक्त मांडीएवढी जागा कोरडी होती.

ता. क. ३. माझी विनंती अशी की बुद्ध पौर्णिमेला येताना चार दिवसांचे जास्तीचे कपडे आणि डोळ्याचे थेंब घेऊन यावं. कॉलेजला सुटी आहे, नीलम या वेळी बिनपगारी रजा घेते आहे, पाऊस लागायला अवकाश आहे, आणि डॉक्टरांनी तुम्हाला आता प्रवासाला हरकत नाही असं सांगितल्याचं मामींनी नीलमला कळवलं आहे (मामी फोन उचलतात). पाच तिकिटं काढतो. या वेळी चंद्र पाहून घेतला आहे. पौर्णिमेलाही समुद्राला उधाण असतं आणि ते दोन-तीन दिवस टिकतं, त्यामुळे तुम्हा दोघांना पाण्यापर्यंत फार चालावं लागणार नाही. गाडी झाडाखाली राहील आणि नीलम चालवेल.

ता. क. ४. हे लिहू नको असं आई म्हणत होती, पण वगळणं म्हणजे खोटं बोलणं होतं का हा प्रश्न माझा अजून सुटलेला नाही, म्हणून लिहितो. त्या संध्याकाळी अकोल्याच्या फलाटावर तुम्ही वजनाच्या यंत्रामागे उभे होता. आईनं तुम्हाला पाहिलं होतं, मला आज पत्र ऐकल्यावर सांगितलं. ते यंत्र उंचीला ठीक आहे, मामा, पण रुंदीला तुम्हाला पुरत नाही.